मूळ अर्थाची अंधश्रद्धा : ‘नाइस’ या शब्दाच्या निमित्ताने

मराठी समीक्षालेखांची एक ठरीव सुरुवात आता इतकी परिचयाची झाली आहे की वाचक तिच्याकडे लक्षही देत नाहीत. विषय संस्कृतीचा असो, आधुनिकतेचा असो वा कादंबरीचा. पहिल्या वाक्यात एक इंग्रजी संज्ञा येते, दुसऱ्या वाक्यात ती मूळ अमुक लॅटिन धातूपासून आली अशी माहिती येते, आणि तिसऱ्या वाक्यात ‘म्हणजेच तिचा खरा अर्थ तमुक’ असा निकाल लागतो. चर्चासत्रातले बीजभाषण, पदव्युत्तर वर्गाच्या नोट्स, प्रबंधाचे पहिले प्रकरण, सर्वत्र हाच क्रम. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये जी उडी मारली जाते, तिच्याविषयी मला येथे लिहायचे आहे. शब्द कोठून आला हा एक प्रश्न आहे आणि त्याचा अर्थ काय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे उत्तर दिल्याचा आव आणणे हा आपल्या साहित्याध्यापनातला एक बौद्धिक आळस आहे, आणि तो विद्वत्तेच्या वेषात वावरत असल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही.

भारदस्त संज्ञा घेऊन हा वाद घातला तर तत्त्वज्ञानाचा इतका धुरळा उडतो की मूळ मुद्दा दिसेनासा होतो. म्हणून एक अगदी घरगुती शब्द घेऊ : ‘नाइस’. इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही तो ठाऊक असतो. कुणी छायाचित्र दाखवले की आपण तो उच्चारतो, आणि फारसे काही म्हणायचे नसले की हमखास उच्चारतो. चांगले, छान, बरे, गोड अशा कोणत्याही सौम्य पसंतीचा भार हा शब्द वाहतो.

याचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘शीरे’ म्हणजे जाणणे. त्याला नकारार्थी ‘ने’ जोडून ‘नेशिउस’ हे विशेषण झाले. अर्थ : न जाणणारा, अज्ञ. जुन्या फ्रेंच भाषेत तो शब्द झिजून ‘नीस’ झाला आणि त्याला ‘मूर्ख’ हा अर्थ चिकटला. इंग्रजीत तो १३०० च्या सुमारास याच अर्थाने आला. चौदाव्या शतकात चॉसर हा शब्द वापरतो तेव्हा त्याच्या मनात मूर्खपणाच असतो. पुढे अर्थाच्या वाटा फुटत गेल्या. मूर्ख माणूस कधी उच्छृंखल वागतो, कधी नको तितके नखरे करतो. त्यामुळे शब्दाला स्वैर, छचोर असाही अर्थ आला आणि चोखंदळ, फार चिकित्सक असाही. चिकित्सक माणूस बारकावे पाहतो, म्हणून सोळाव्या शतकात सूक्ष्म, नाजूक, अचूक हे अर्थ आले. बारकाव्यांनाच जो महत्त्व देतो त्याचे विषय क्षुल्लक असतात, म्हणून क्षुल्लक हाही अर्थ आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सुखद, आवडण्याजोगे’ हा आजचा अर्थ रूढ झाला. यांतले काही अर्थ मेले, काही जिवंत राहिले. आजही इंग्रजीत सूक्ष्म भेदाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात आणि त्यात छानपणाचा लवलेशही नसतो.

आता तिसऱ्या वाक्याची उडी येथे मारून पाहा. ‘नाइस’चा खरा अर्थ मूर्ख! म्हणजे गेली अडीचशे वर्षे कोट्यवधी इंग्रजी भाषक एकमेकांना प्रेमाने शिव्या देत आहेत, एवढेच सिद्ध होते. शिवाय ज्या ‘शीरे’पासून ‘नाइस’ आला त्याच धातूपासून ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ हेही शब्द आले. एकाच घरातून विज्ञान निघाले, सदसद्विवेक निघाला आणि अज्ञानही निघाले. शेजारच्या ‘सिली’ या शब्दाचा प्रवास तर नेमका उलट्या दिशेने झाला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, धन्य, ईश्वरी कृपा लाभलेला असा होता; तेथून तो निष्पाप, बिचारा, दुबळा असे करीत मूर्ख येथे येऊन पोचला. ‘सिली’ धन्यतेकडून मूर्खपणाकडे उतरत होता त्याच शतकांत ‘नाइस’ मूर्खपणाकडून वर चढत होता. भाषाविज्ञान याला अर्थापकर्ष आणि अर्थोत्कर्ष अशी नावे देते. वाटेत दोघे परस्परांना भेटले असतील तेव्हा त्यांपैकी ‘खरा’ कोण होता, हे मूळवाद्यांनी सांगावे.

कोणी म्हणेल, हे विनोदी उदाहरण झाले. साहित्यकृती वाचताना तरी मूळ अर्थ उपयोगी पडतोच. तेव्हा साहित्यकृतीकडेच जाऊ. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ या १५९५ च्या आसपासच्या नाटकात, तिसऱ्या अंकात टिबॉल्ट मारला गेल्यावर बेनव्होलिओ राजापुढे हकिगत सांगतो. रोमिओने भांडण टाळण्याचा प्रयत्न केला, ते भांडण किती ‘नाइस’ आहे याची टिबॉल्टला आठवण दिली, असे तो म्हणतो. पाचव्या अंकात फ्रायर लॉरेन्सचे पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही, आणि तो हादरून म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजच्या अर्थाने वाचणारा विद्यार्थी येथे अडखळतो : भांडण छान कसे असेल? त्याला मूळ अर्थ सांगा, तो पुन्हा अडखळतो : पत्र अज्ञ नव्हते म्हणजे काय? दोन्ही ठिकाणी ‘क्षुल्लक’ हा एकच अर्थ लागू पडतो. भांडण क्षुल्लक होते आणि तरी माणसे मेली. पत्र क्षुल्लक नव्हते आणि तरी ते वाटेतच राहिले. नाटकाची शोकांतिका ज्या दोन सांध्यांवर उभी आहे तेथे हा शब्द बसलेला आहे. तो अर्थ ना शब्दाच्या जन्मात सापडतो, ना आजच्या वापरात. तो सापडतो सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीत आणि त्या वाक्यात. मूळ धातू सांगणारा शिक्षक येथे विद्यार्थ्याला जेथून उचलतो तेथेच परत ठेवतो; फक्त आता विद्यार्थ्याला आपण काही शिकलो असे वाटते.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील कित्येक वाक्यांत हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने योजला आहे हे ठरवणे कठीण आहे, असे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या संपादकांनीच नमूद केले आहे. १८८४ मध्ये पहिला भाग आणि १९२८ मध्ये शेवटचा, असा चव्वेचाळीस वर्षे प्रसिद्ध होत गेलेला हा कोश शब्दाचे प्रत्येक वळण सनावळीसह, उदाहरणांसह दाखवतो. त्याचे संपादक जेथे थबकतात तेथे आमचे बीजभाषणकार एका लॅटिन धातूच्या बळावर बेधडक पुढे जातात.

मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्याचे सर्वांत सुंदर चित्र एका कादंबरीत आहे, आणि ते याच शब्दाभोवती काढलेले आहे. जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्या चौदाव्या प्रकरणात कॅथरीन ही सरळ मनाची, कादंबऱ्यांत बुडालेली मुलगी ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ला जगातले सर्वांत ‘नाइस’ पुस्तक म्हणते. हेन्री टिल्नी तिची थट्टा आरंभतो. तिला बहुधा पुस्तकाचा नीटसपणा म्हणायचा असावा, तेव्हा ते बांधणीवर अवलंबून राहील, असे तो सुनावतो. मग दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुली नाइस अशी यादी करून तो सांगतो की मुळात हा शब्द कदाचित नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतता यांपुरताच वापरला जात असेल. आता मात्र प्रत्येक गोष्टीची प्रशंसा याच एका शब्दात होते.

हेन्री हुशार आहे, वाचलेला आहे, त्याची थट्टा मजेदार आहे. पण ज्याला तो ‘मुळात’ म्हणतो ते मूळ नाही. या शब्दाचा आरंभ अज्ञानात आहे. नीटनेटकेपणा हे मधले एक स्थानक आहे. हेन्रीने आपल्या आदल्या पिढ्यांच्या शिष्ट वापराला मूळ म्हटले आणि कॅथरीनच्या वापराला भ्रष्ट ठरवले. मूळवादाची ही नेहमीची रीत आहे. आपल्याला जे शतक आवडते तेथे गाडी थांबवायची आणि त्या स्थानकाला उगम म्हणायचे. ऑस्टिनने त्याला मोकळे सोडलेले नाही. त्याची बहीण एलिनॉर कॅथरीनला सांगते की हा सगळ्यांशी असाच वागतो, आणि तोच शब्द उलटवून भावाला म्हणते की त्याच्यात शहाणपणापेक्षा ‘नाइस’पणाच जास्त आहे, म्हणजे तो फाजील चोखंदळ आहे. एका पानात तीन माणसे एकच शब्द तीन अर्थांनी वापरतात आणि तिघांचेही परस्परांना नीट कळते. भाषा अशीच चालते. पानावर कोणी कोणाला गप्प करू पाहत आहे, हेही त्यातून दिसते.

कारण हा वाद शब्दाचा असला तरी तो बहुधा शब्दापुरता नसतो. १९२६ मध्ये फाउलरने ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ‘नाइस’ बिघडल्याचे नोंदवले आणि दोष दिला तो स्त्रियांना : त्यांनी हा शब्द इतका लाडका करून घेतला की त्याचे स्वत्वच उरले नाही. हेन्रीची शिकवणीही एका मुलीलाच आहे. इंग्लंडमधल्या शाळामास्तरांनी पुढे कित्येक दशके मुलांच्या निबंधांतून ‘नाइस’वर काट मारली. हा शब्द मोघम झाला आहे ही तक्रार रास्त आहे, आणि निबंधात मोघमपणा टाळा असे सांगण्याचा मास्तरांना अधिकार आहे. मात्र ‘मोघम’ म्हणणे आणि ‘चूक’ म्हणणे यांत फरक आहे. पहिली टीका शैलीवर आहे, तिच्याशी वाद घालता येतो. दुसरीत समोरच्याला गप्प बसवण्यासाठी इतिहास साक्षीला बोलावला जातो, आणि तो इतिहासही बहुधा अर्धाच ठाऊक असतो.

मूळ तरी स्थिर असते काय? सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ‘नाइस’चा संबंध ‘मऊ’ अशा अर्थाच्या जुन्या सॅक्सन शब्दाशी जोडला होता. पुढच्या संशोधनाने तो मागे पडला आणि लॅटिन व्युत्पत्ती मान्य झाली. म्हणजे जॉन्सनच्या काळातला मूळवादी ‘खरा अर्थ मऊ’ म्हणाला असता, आजचा ‘खरा अर्थ मूर्ख’ म्हणेल. आणि मधल्या काळात शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी काय बदलले? काहीच नाही. ज्या ‘खऱ्या अर्थाचा’ बोलणाऱ्यांना पत्ता नसतो आणि जो कोशकाराच्या टिपणासरशी बदलतो, त्याला अर्थ तरी का म्हणावे?

आणि मूळ सापडले नाही तर ते तयार केले जाते. ‘पॉश’ या शब्दाची कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते, कारण तिच्यात मुंबई आहे. हिंदुस्थानात येणारे श्रीमंत साहेब उन्हापासून बचाव व्हावा म्हणून आगबोटीत जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, त्यांच्या तिकिटांवर त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे उमटवलेली असत, आणि त्यातून ‘पॉश’ झाला. कथा छान आहे, फक्त असे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापील इंग्रजीत आजच्या अर्थाने दिसू लागतो, आद्याक्षरांची कथा मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी अवतरते. शब्दाचे खरे मूळ अनिश्चित आहे. तरीही वर्गात ही कथा सांगितली की विद्यार्थी माना डोलावतात, कारण मूळ सांगितले की अर्थ पक्का झाला अशी आपण त्यांची धारणा करून दिली आहे.

या धारणेचे बीज ‘एटिमॉलॉजी’ या शब्दातच आहे. ग्रीक ‘एटिमोस’ म्हणजे खरा; व्युत्पत्ती म्हणजे शब्दाच्या सत्याचे शास्त्र, अशी प्राचीनांची समजूत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हॉर्न टुक या इंग्रज बंडखोराने ती टोकाला नेली. ‘द डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ या ग्रंथाच्या दोन भागांत (१७८६ आणि १८०५) त्याने शब्दांची मुळे खणून सत्तेची भाषा उघडी पाडण्याचा घाट घातला. ‘ट्रूथ’ हा शब्द ‘मानणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला, म्हणून सत्य म्हणजे माणसे जे मानतात ते, इथपर्यंत तो गेला. त्याच्या राजकारणाविषयी आपल्याला सहानुभूती वाटू शकते. त्याच्या अनेक व्युत्पत्ती मात्र टिकल्या नाहीत, आणि टिकल्या असत्या तरी धातूवरून सत्याचे स्वरूप सिद्ध होत नाही. पुरोगामी हेतूने मारलेली उडीसुद्धा उडीच असते. हे मुद्दाम सांगतो, कारण आज आपल्याकडे परंपरावादी आणि परिवर्तनवादी दोघेही हेच हत्यार परजताना दिसतात.

जन्म पाहून योग्यता ठरवण्याचा विचार आपल्या समाजाला नवा नाही. माणसाने आयुष्यात काय केले, कोणासोबत केले, काय भोगले, काय बदलले, हे सारे बाजूला सारून ‘पण मूळचा कोण?’ असे विचारणारी नजर आपल्या चांगल्या ओळखीची आहे. तीच नजर शब्दांकडे वळली की आपण तिला संशोधन म्हणतो. साहित्याच्या शिक्षकाने निदान शब्दांच्या बाबतीत तरी ती बाळगू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नसावी.

विशेष खेदाची गोष्ट ही की या उडीचे खंडन आपल्याच काव्यशास्त्रात झालेले आहे आणि ते आपण परीक्षेपुरते शिकवतो. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कामात कुशल’ असा प्रयोग दिला. कुशल म्हणजे मुळात दर्भ आणणारा. निपुण हा अर्थ लक्षणेने येतो, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हे नाकारले. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त एक आणि त्याच्या प्रवृत्तीचे, म्हणजे वापराचे, निमित्त दुसरे. निपुण हाच कुशलचा मुख्य अर्थ आहे, असे तो ठामपणे म्हणतो. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले तर ‘गाय झोपली आहे’ येथेही लक्षणा मानावी लागेल, कारण ‘गो’ हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून झाला आणि झोपलेली गाय कोठे जात नसते! इंग्रजी शब्दांचा वाद सोडवायला आपल्याला लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती.

मराठीतही पुरावे पावलोपावली आहेत. ‘शिक्षा’ हा शब्द शिकण्याच्या धातूपासून आला, आणि शेजारच्या हिंदीत त्याचा अर्थ आजही शिक्षण असाच आहे. मराठीत न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली असे वाचून कोणी आरोपीचे अभिनंदन करीत नाही. ‘साहस’ हे धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव होते. आज आपण ते गिर्यारोहकांच्या सत्कारपत्रात लिहितो.

दोन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की कवी कधी कधी जाणूनबुजून जुना अर्थ जागवतो. मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइस लॉस्ट’मध्ये नंदनवनातल्या प्रवाहांच्या नागमोडी वळणांसाठी ‘एरर’ हा शब्द भटकणे या लॅटिन अर्थाने योजला, आणि अजून पाप न शिवलेल्या त्या बागेत पुढच्या प्रमादाची सावली पडली. हे मान्यच आहे. पण येथे मूळ अर्थ चालतो तो मिल्टनला लॅटिन येत होते, त्याच्या वाचकांना येत होते आणि ओळीतले प्रवाहाचे वर्णन तो अर्थ मागते म्हणून. पुरावा कृतीत आहे. कृतीत पुरावा नसताना केवळ कोशातली पहिली ओळ दाखवून असा अर्थ लादता येत नाही.

दुसरा आक्षेप रेमंड विल्यम्सच्या नावाने घेतला जातो. १९७६ च्या ‘कीवर्ड्स’मध्ये त्याने कल्चर, क्लास, लिटरेचर अशा शब्दांचे इतिहास लिहिले, तेव्हा मुळाशी जाणे ही त्याचीच पद्धत नव्हे काय? ते पुस्तक उघडून पाहावे. विल्यम्स मूळ सांगतो आणि पुढे निघतो. मूळ अर्थ रंजक असतातच, परंतु अधिक रंजक असतात ती नंतरची स्थित्यंतरे, अशी त्याची भूमिका प्रस्तावनेतच आहे. एकाच काळात एकाच शब्दाचे दोन अर्थ परस्परांशी झगडत असतात आणि त्या झगड्यात समाजाचे तंटे उमटतात, हे त्याला दाखवायचे आहे. आपण त्याच्या नोंदीतली पहिली दोन वाक्ये उचलतो आणि जेथे त्याचे काम सुरू होते तेथे आपले संपवतो.

तेव्हा व्युत्पत्ती शिकवू नये असे मी म्हणत नाही. उलट ती पूर्ण शिकवावी : जन्मापासून आजपर्यंत, सनावळीसह, मधल्या सर्व स्थानकांसह. वर्गात एखाद्या जुन्या शब्दापाशी विद्यार्थी अडला तर तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य कधी लिहिले गेले? त्या काळी या शब्दाचे कोणते अर्थ चलनात होते? त्यांपैकी कोणता या वाक्यात, या पात्राच्या तोंडी बसतो? या प्रश्नांची उत्तरे शोधायला कोश उघडावा लागतो, कृती पुन्हा वाचावी लागते, आणि कधी कधी निर्णय लांबणीवर टाकावा लागतो. लॅटिन धातू फळ्यावर लिहून मोकळे होण्यापेक्षा हे वेळखाऊ आहे, परंतु विद्यार्थी वाचायला शिकतो तो याच वेळात. ‘नाइस’चा अर्थ मूर्ख हे ऐकून तो वर्गाबाहेर मित्रांना एक गंमत सांगेल. बेनव्होलिओच्या तोंडी तोच शब्द क्षुल्लक अर्थाने ऐकू आला, तर ते नाटक त्याच्याजवळ राहील.

आपल्या काव्यशास्त्रात ‘व्युत्पत्ती’ हा शब्द कवीच्या सिद्धतेसाठीही वापरतात. प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास ही त्रयी बी. ए.च्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या व्युत्पत्तीची व्याख्या उचित आणि अनुचित यांचा विवेक अशी केली आहे. हा काही त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. तरीही पुढच्या चर्चासत्रात लॅटिन धातू उच्चारण्यापूर्वी बीजभाषणकारांनी तो आठवून पाहावा.